चेहरा दिसणारी काकडी

सरळ काकडीची एक अडचण असते. तिच्याबद्दल बोलण्यासारखं काही नसतं.

*

जपानातल्या मिनेहारा या डोंगरगावात फोटो काढणारा "हसा" म्हणत नाही. तो विचारतो, "एक अधिक एक किती?" उत्तर येतं, "नी." नी म्हणजे दोन. नी म्हणताना ओठ आपोआप फाकतात आणि तेवढ्यात तो बटण दाबतो.

*

मोमोसे शिगेमित्सूने आयुष्यात एकच झाड सांभाळलं. उएदा शहरात लोखंडी गोळ्यांच्या जुगारयंत्रांचं एक दुकान होतं, त्याच्या दारात ते उभं असे. दर सोमवारी ते ओल्या फडक्याने पुसावं लागे.

*

असाहिना-बाई कुठलीही वस्तू घेण्याआधी कानाला लावून बघतात. टरबूज, कोबी. एकदा अंडी.

*

माफी मागताना कमरेत वाकण्याचे तीन प्रकार आहेत. तिसऱ्या प्रकारात समोरच्याला माणसाचा चेहरा दिसत नाही.

*

कुराशिना तेत्सुओचा फोटो जुलैच्या पहिल्या आठवड्यात काढला गेला, त्याच्याच शेतात, काकडीच्या मांडवापुढे. फोटोवाल्याने रीतीप्रमाणे विचारलं, एक अधिक एक किती. कुराशिना साठी ओलांडलेला, शिस्तीचा शेतकरी. परक्या माणसाला एका अक्षरात उत्तर देणं त्याला उद्धटपणाचं वाटलं. तो म्हणाला, "दोन होतात, साहेब." ते आदराचं शेपूट पुरं होईपर्यंत फाकलेले ओठ पुन्हा मिटले होते. बटण दाबलं गेलं ते त्यानंतर.

चेहरा तसा वाईट नव्हता. फक्त शेतकऱ्याचा नव्हता. आयुष्यभर रुंद काठाची टोपी आणि नाकापर्यंत बांधलेलं फडकं वापरल्यामुळे तो गोरा राहिला होता. त्यावर पातळ काड्यांचा चष्मा. सरकारी कचेरीत खिडकीपलीकडे असतो ना, तसा चेहरा. आपण अर्ज सरकवतो, तो शांतपणे वाचून होतो आणि मग प्रश्न येतो, "आणि दुसरी प्रत?"

फोटोची टूम उसामीची. उसामी टोक्योत जाहिरातीच्या धंद्यात होता. पुढे त्याला निसर्गाची ओढ लागली. डोंगरात येऊन त्याने निळीत रंगवलेला शेतकरी पोशाख शिवून घेतला आणि त्या पोशाखाच्या जोरावर दोन उन्हाळ्यांत बाजाराचा प्रमुख झाला. मिनेहाराचा बाजार जुलै-ऑगस्टात शनिवार-रविवारी सकाळी जुन्या टेनिसच्या मैदानावर भरतो. त्या दिवसांत बंगलेवाले टोक्योचा उकाडा चुकवून वर आलेले असतात. यंदा उसामीने नियम काढला की भाजी "चेहरा दिसणारी" हवी. प्रत्येक गाळ्यावर पिकवणाऱ्याचा मोठा फोटो, प्रत्येक पिशवीवर तोच फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा, आणि खाली अक्षरं: हे मी पिकवलं.

"लोकांना भाजी नको असते," उसामीने सभेत सांगितलं होतं. "लोकांना माणूस हवा असतो."

शेतकऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्याकडे भाजीच होती.

*

पहिल्या शनिवारी बंगलेवाले कुराशिनाच्या गाळ्यापाशी आले, त्यांनी फोटोकडे पाहिलं आणि ते जरा ताठ उभे राहिले. एका गृहस्थाने खिसे चाचपले. दुसरा जाऊन गाडी हलवून आला. असाहिना-बाई म्हणजे बंगलेवाल्यांमधलं मोठं प्रस्थ. त्यांचे दिवंगत यजमान एका मोठ्या कंपनीचे अध्यक्ष होते, आणि त्या जिथे थांबतात तिथे रांग लागते. त्यांनी एक काकडी उचलून कानाला लावली. मग त्यांची नजर फोटोवर गेली. त्यांनी काकडी होती तिथे, होती तशी, शेजारणीशी समांतर ठेवली आणि तिची क्षमा मागितली.

दुपारी कुराशिनाने सगळा माल परत नेला. त्या आठवड्यात त्याच्या घरी तिन्ही वेळा लोणचं होतं.

संध्याकाळी उसामी आला. पायरीवर बसला, चहा घेतला, मांडवाची तारीफ केली.

"तुमचा चेहरा फार नीटनेटका आहे, कुराशिना-सान," तो म्हणाला.

"आभारी आहे."

"गिऱ्हाइकाला त्यात जरा ऊन दिसायला हवं."

कुराशिनाने आकाशाकडे पाहिलं. ऊन तिथे होतं.

"असो," उसामी उठत म्हणाला. "नळाजवळच्या जागेचं आपण पुढे निवांत बघू."

मिनेहारात "निवांत बघू" म्हणजे बघून झालेलं आहे. कुराशिनाची नळाजवळची जागा आता एका मधवाल्या जोडप्याकडे जाणार होती. ते टोक्योहून येऊन स्थायिक झालेलं तरुण जोडपं होतं, आणि त्यांच्या फोटोत मधमाश्यासुद्धा हसताना दिसत. कुराशिनाला मोटारतळाच्या कडेला, संडासांच्या भिंतीला लागून गाळा मिळाला असता.

गिऱ्हाईक कमी झालं असतं तर ते त्याने सोसलं असतं. गोष्ट नळाची होती. त्याच्या काकड्या उमेदीची सगळी वर्षं सहकारी संघात जात होत्या. कायम पहिली प्रत, कायम सरळ. संघाच्या खोक्यात त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या काकड्यांत मिसळत आणि टोक्योला जात. तिथे त्या कोण खात होतं, खाऊन काय म्हणत होतं, हे त्याला कधी कळलं नाही. बाजारात जागा मिळाली तेव्हा त्याने नळाखाली लाकडी टब ठेवला. डोंगरातून येणारं गार पाणी त्यात सोडलं आणि काकड्या बुडवून ठेवल्या. काडीला टोचलेली, मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट चटणीचं, बोट लावलेली काकडी गिऱ्हाईक तिथेच उभं राहून खाई. चावा घेतल्यावर पहिली काही सेकंदं माणूस बोलत नाही. मग तो म्हणतो, "हं." तेवढंच. त्या "हं"साठी कुराशिना वर्षभर थांबत असे. संडासांच्या भिंतीजवळ नळ होता, पण त्या नळाची काकडी कुणी खाल्ली नसती.

*

तोडगा सुमिएने काढला. सुमिए ही कुराशिनाची बायको. ती विचार करत बसत नाही, कारण तेवढ्या वेळात लोणचं होऊन जातं.

तिचा धाकटा भाऊ शिगेमित्सू जुगारयंत्रांच्या दुकानातून निवृत्त होऊन त्यांच्याच मागच्या खोलीत राहायला आला होता. त्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सिगारेटच्या होत्या, रंग दारूचा होता. डोळे बारीक झाले होते ते गोळ्यांच्या चकाकीने. पुढचा एक दात दुकानाच्या काचेच्या दारात गेला होता. सुटं सुटं पाहिलं तर काही खास नाही. एकत्र पाहिलं की तीन पिढ्यांची माती. नदीवर मासे धरायला गेला असताना डोक्याला पंचा बांधून तो हसला होता, तो फोटो सुमिएने शोधून काढला. हातातला बियरचा डबा कापून टाकला आणि उरलेला भाऊ गाळ्यासाठी मोठा करून आणला.

"हा मी नाही," कुराशिना म्हणाला.

"नाहीच. तुमचा लावून बघितला की."

"खाली लिहिलंय, हे मी पिकवलं."

"मग ते खरंच आहे. तुम्हीच पिकवलंय."

"पण वर शिगे आहे."

"अहो, वर कोण आहे ते कुठे लिहिलंय?"

शिगेमित्सू दाराला टेकून ऐकत होता. "दाजी, माझी हरकत नाही," तो म्हणाला. "नाहीतरी हा चेहरा इथं पडूनच असतो."

दुसऱ्या शनिवारी नाश्त्याच्या वेळेला टब रिकामा झाला.

असाहिना-बाई फोटोपुढे बराच वेळ उभ्या होत्या. "माती आहे या चेहऱ्यात," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्यामागे रांग लागली. मग त्यांनी टबामागे टोपी आणि फडक्याआड उभ्या असलेल्या कुराशिनाला विचारलं की हे बाबा आहेत कुठे. कुराशिनाला खोटं बोलता येत नाही.

"घरी आडवे झालेत," तो म्हणाला.

"होणारच. जन्मभर वाकून काम." बाईंना भरून आलं. "आणि तुम्ही त्यांचे?"

"ते माझे मेव्हणे."

"म्हणजे हिशेब वगैरे तुम्ही बघता."

"हिशेबही बघतो," कुराशिना म्हणाला. हेही खरंच होतं. त्या सकाळपासून बाजारात त्याचं नाव हिशेबनीस पडलं. असा माणूस नात्यात मिळायला भाग्य लागतं, असं त्याला बऱ्याच जणांनी सांगितलं. तो प्रत्येकाला आभारी आहे म्हणाला.

*

चेहरा गाजला की तो बघायला मिळावा अशी मागणी येते. उसामीने निरोप पाठवला की बाबांनी थोडा वेळ तरी येऊन बसावं. सुमिएने भावाला बजावलं, बोलायचं नाही, नुसतं दिसायचं. शिगेमित्सूने पंचा बांधला आणि तिसऱ्या शनिवारी नळाजवळ उलट्या बादलीवर बसून तो दिसू लागला.

पण हारणाऱ्या माणसाला खुर्चीवरून उठू द्यायचं नाही, हे काम त्याने तरुणपणापासून केलं होतं. त्याला गप्प बसता येईना.

रेशमी कानांचं कुत्रं घेतलेल्या एका दाढीवाल्या बंगलेवाल्याने त्याला विचारलं, काकड्या इतक्या सरळ कशा. निसर्गात सरळ रेघ नसते असं आपण ऐकलंय, असंही तो म्हणाला. कुराशिनाने पाण्याबद्दल आणि दोऱ्यांबद्दल सांगायला तोंड उघडलं, पण प्रश्न त्याला नव्हता. शिगेमित्सूने डोंगराकडे बघत एक मोठा उसासा सोडला.

"सरळ ना? त्या या हिशेबनीसाच्या," तो म्हणाला. "याला सगळं ओळीत लागतं. मी काकडीला कधी काही सांगत नाही. तिला वाकायचंय, वाकू दे."

दाढीवाल्याने कुत्र्याची साखळी सैल सोडली. असाहिना-बाईंनी डोळे टिपले. मग सगळ्यांनी एकदम वाकड्या काकड्या मागितल्या. कुराशिनाच्या टबात एकही वाकडी काकडी नव्हती. ती कधीच नसे. उसामीने त्याला बाजूला घेऊन, फक्त सुचवतोय अशा आवाजात, पुढच्या आठवड्याचं सुचवलं.

घरी आल्यावर कुराशिनाने टोपी काढायच्या आधी विचारलं, "शिगे, तू काय बोललास हे?"

"दाजी, माणसाला आशा लागते. पुढची गोळी कुठं वळेल, काय होईल." शिगेमित्सूने पंचा सोडला. "सरळ काकडीत आशा कुठंय?"

*

काकडी वाकडी करायला काही करावं लागत नाही. पाणी तोडलं की ती आपली आपण वाकते. पण तहानलेली वेल बघून कुराशिनाला जेवण गेलं नसतं. त्याने दुसरा उपाय केला. फडक्याच्या बारक्या पुरचुंड्या शिवल्या, प्रत्येकीत सारख्या वजनाचे खडे भरले आणि प्रत्येक कोवळ्या काकडीच्या टोकाला, एकाच अंतरावर, एकाच गाठीने एकेक बांधून दोरी शेजारच्या काठीवरून खाली सोडली, म्हणजे टोक एका बाजूला ओढलं जाईल. सुमिए मांडवाखाली आली, तिने ते पाहिलं आणि ती परत गेली. आतून तिचा हसण्याचा आवाज येत राहिला.

शनिवारी टबात वाकड्या काकड्या होत्या. सगळ्या सारख्या वाकड्या.

असाहिना-बाईंनी एक उचलली, कानाला लावली. दुसरी उचलली. दुसरी पहिलीच्या पोटात बसली. तिसरी दुसरीच्या. त्यांच्या हातात चमच्यांसारखी एक थप्पी तयार झाली.

"या साच्यातून काढल्यात का?" त्यांनी विचारलं.

रांग पुढे सरकली. कुराशिनाने त्या थप्पीकडे पाहिलं. चूक त्याला कळत होती, पण ती वेगळी कशी करता आली असती हे अजूनही कळत नव्हतं. शिगेमित्सूने बादलीवरून पापण्या अर्ध्या उघडल्या.

"बाई," तो म्हणाला, "आमच्याकडे वारा एकाच डोंगरावरून येतो."

सगळ्यांनी वळून डोंगराकडे पाहिलं. डोंगर एकच होता. काकड्या संपल्या.

त्यानंतर बाबांना बंगल्यांवरून बोलावणी येऊ लागली. ते गवतावर अनवाणी बसत. कुणी मातीबद्दल विचारलं की गप्प राहत, आणि त्या गप्प राहण्याची चर्चा पुढच्या बंगल्यावर होई. कुराशिना त्यांना गाडीने सोडायला आणि आणायला जात असे. बंगल्यांचे नोकर हिशेबनीसाला मागच्या दाराने चहा देत.

मग एका रविवारी पांढऱ्या टोपीचे एक जाडेसे गृहस्थ उशिरा आले. टब रिकामा दिसत होता, पण तळाशी एक सरळ काकडी होती. ती कुराशिनाने स्वतःसाठी लपवून ठेवली होती. गृहस्थांनी कोपरापर्यंत हात घालून ती काढली आणि मिसोशिवायच चावा घेतला.

काही सेकंदं गेली.

"हं," ते म्हणाले.

कुराशिनाच्या हातातलं फडकं खाली पडलं. त्या उन्हाळ्यातलं ते त्याच्या कानावर पडलेलं पहिलं "हं". बाकी सगळे काकडी खाता खाता शिगेमित्सूकडे बघत असत. गृहस्थांनी उरलेली काकडी संपवली, बोटं पुसली आणि त्याच्याकडे बघून मान हलवली.

"त्यांना सांगा, हं."

कुराशिना म्हणाला, सांगतो. आणि सांगतो म्हटलं होतं म्हणून त्याने रात्री जेवताना खरंच सांगितलं.

"एक गिऱ्हाईक हं म्हणालं."

"बरं मग?" शिगेमित्सू म्हणाला.

"काही नाही. निरोप होता."

*

हंगामाच्या शेवटच्या रविवारी शिगेमित्सू अंथरुणातून उठला नाही. आदल्या संध्याकाळी असाहिना-बाईंच्या बंगल्यावर त्याने गार खरबूज आणि त्याहून गार बियर आलटून पालटून घेतली होती. कुराशिनाने मेव्हण्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला. मग गाळ्याचा मोठा फोटो काढून त्याजागी स्वतःचा लावला, पिशव्यांवरचे बारके शिगेमित्सू नखाने एकेक करून सोलले आणि तिथेही स्वतःला चिकटवलं. खडे त्याने आधीच सोडले होते. टबात सगळ्या सरळ काकड्या भरल्या.

सुमिए बघत होती. "नक्की ना?"

"हो."

"मग दाढी तरी करा."

"फोटो जुनाच आहे."

"फोटोची नाही म्हणत मी."

बाजारात पहिल्या आल्या त्या असाहिना-बाईच. त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग फडकं सोडून आलेल्या कुराशिनाकडे, मग रिकाम्या बादलीकडे.

"बाबा कुठे आहेत?"

"आडवे आहेत. पोट बिघडलंय."

"आणि हा फोटो?"

"तो मी आहे."

"ते दिसतंय."

कुराशिनाने टोपीचा काठ दोन्ही हातांनी धरला. जे सांगायचं होतं ते त्याने आठवडाभर मांडवाखाली घोकलं होतं. "पहिल्यापासून मीच आहे," तो म्हणाला. "शेत माझं आहे. बाबांचं त्यात काही नाही."

"सगळं तुमच्या नावावर आहे?" बाईंनी हळू विचारलं.

"पहिल्यापासून."

"आणि हे बाबांना माहीत आहे?"

"त्यांची काही हरकत नाही."

बाईंच्या हातातली टोपली खाली गेली. इतकं थंडपणे बोलणारा माणूस त्यांनी एकदाच पाहिला होता, आणि तो त्यांचा दीर होता. बातमी रांगेतून मागे गेली आणि जाताना मोठी होत गेली. गाळ्यापाशी हिशेबनीसाने बाबांची जागा घेतली होती. मोटारतळापर्यंत पोचेतो त्याने शेत घशात घातलं होतं आणि म्हातारा घरात कोंडलेला होता. कुराशिना पुन्हा पुन्हा खरं सांगत राहिला, आणि प्रत्येक खऱ्या वाक्यागणिक प्रकरण जास्त वाईट दिसू लागलं. मधवाल्या जोडप्याने आपलं टेबल नळाच्या दिशेने थोडं सरकवलं.

उसामी निळा पोशाख सावरत धावत आला. त्याने कुराशिनाला टबामागे नेलं.

"खरं काय, खोटं काय, हे मला सांगूच नका," तो कुजबुजला. जाहिरातीच्या धंद्यात तो याच गुणावर वर चढला होता. "तुम्ही फक्त माफी मागा."

"कशाची?"

"तसदीची. सगळ्यांना तसदी झाली ना? कशामुळे झाली ते सांगायचं नसतं."

"मी काही केलेलं नाही."

"त्याने काही बिघडत नाही. हंगामाचा शेवटचा दिवस आहे, कुराशिना-सान. पुढच्या वर्षीच्या जागा आज ठरतात." उसामीने नळाकडे पाहिलं. नळ वाहत होता.

कुराशिनाने बायकोकडे पाहिलं. ती काड्या टोचत होती.

"मागा की," सुमिए मान वर न करता म्हणाली. "कमरेचं जाईल थोडं. तोंडाचं काय जातंय?"

कुराशिना टबापुढे येऊन उभा राहिला. त्याने टोपी काढली. बाजारात त्याने टोपी काढल्याचं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. "सर्वांना तसदी झाली," तो म्हणाला. "मनापासून क्षमा असावी." आणि तो वाकला. तिसरा प्रकार.

चेहरा गेला. खिडकीपलीकडचा तो गोरा, मिटलेला चेहरा खाली गेला आणि त्याच्या जागी डोकं आलं. त्याच्या टोपीला माथ्यावर एक जुनं भोक होतं. इतक्या उन्हाळ्यांचं ऊन त्या भोकातून आत येऊन टाळूवर एक तांबूस, करपट गोल उमटला होता. मागे मान होती. फडकं पुढून बांधायचं असल्यामुळे ती कायम उघडी पडायची, आणि तिला पाणी ओसरलेल्या वाफ्यासारख्या भेगा होत्या. टाळूच्या गोलावर घामाने काकडीच्या वेलीचा एक वाळका तंतू चिकटला होता, स्प्रिंगसारखा गुंडाळलेला.

कुराशिनाला हे काही दिसत नव्हतं. त्याला पाय दिसत होते. चामड्याचे बूट, दोऱ्यांच्या चपला, रेशमी कानांच्या कुत्र्याचे पंजे. पाणी टबाच्या काठावरून ओघळून त्या पायांकडे चाललं होतं. मग दोन पाय पुढे आले. टबात हात बुडल्याचा आवाज झाला. बराच वेळ काही नाही, म्हणजे काकडी कुणाच्या तरी कानाला लागली असावी. आणि मग कडक्कन चावा.

"हं."

त्याने आता सरळ व्हायला हवं होतं. तेवढं वाकणं पुरेसं होतं, कुणी काही म्हटलं नसतं. पण सरळ झालं की ते बोलायला लागले असते. तो वाकलेलाच राहिला. आणखी एक हात टबात बुडला. आणखी एक चावा. "हं." मग डावीकडून एक, मग बरेच, एकमेकांत मिसळलेले. पायांवरून कुणाचं कुठलं ते कळत नव्हतं. कमरेत कळ आली, चष्मा नाकावरून ओघळून गवतात पडला. त्याने तो उचलला नाही.

"किती लागलंय बघा माणसाच्या मनाला," असाहिना-बाई तोंडात घास धरून म्हणाल्या. "किती माती आहे त्या टाळूत."

उसामीने तेवढ्यात फोन वर धरला आणि काहीही न विचारता बटण दाबलं.

*

आता पिशवीवर ते डोकं असतं. वाकलेलं, करपलेलं, वेलीच्या तंतूसकट, आणि खाली हे मी पिकवलं. सरळ काकडीबद्दल कुणी काही विचारत नाही. जागा नळाजवळचीच आहे. गिऱ्हाईक चावा घेतं तेव्हा कुराशिना रीत म्हणून वाकतो, आणि लोक म्हणतात, अजून विसरला नाही बिचारा. त्याची कंबर आता खरंच दुखते.

शिगेमित्सू मधाच्या बाटलीवर गेला. मधमाश्यांच्या तो जवळही जात नाही, पण मधाचा खप वाढला आहे. कुराशिनाचा पहिला फोटो उसामीने मागून नेला आणि मोटारतळावर लावला. त्यावर काही लिहिलेलं नाही. तेव्हापासून तिथे एकही गाडी आडवी लागलेली नाही.

जुलैच्या त्या पहिल्या आठवड्यात, फोटोवाला कॅमेरा पिशवीत घालून निघून गेल्यावर, मांडवामागून सुमिएने ओरडून विचारलं होतं, एक अधिक एक किती. कुराशिना म्हणाला होता, "नी."